गुरुवार, पाच ते नऊ

फेब्रुवारी 2014 मधल्या एका गुरुवारी संध्याकाळी मी बॉस्टनच्या बंदरावरच्या एका काचेच्या इमारतीत शिरले, त्यामागे कलेची ओढ नव्हती. हाडे गोठवणारी थंडी होती, क्विन्सीतल्या एका खोलीच्या घरात दिवसभर एकटीने बसून जीव विटला होता, आणि या संग्रहालयात गुरुवारी पाच ते नऊ सर्वांना विनामूल्य प्रवेश असतो, असे शेजारच्या बाईंनी जिन्यात सहज बोलता बोलता सांगितले होते. नवऱ्याच्या नोकरीमुळे मी या देशात आले होते आणि माझ्या पासपोर्टवर एच-फोरचा शिक्का होता. त्या काळी या व्हिसावर आलेल्या बायकांना नोकरी करता येत नसे. स्वतःची कमाई नसली की माणूस खर्च करताना दहादा विचार करतो, आणि जो खर्च गरजेचा नाही त्याचा तर विचार करणेही सोडून देतो. संग्रहालयाचे तिकीट माझ्या लेखी याच दुसऱ्या प्रकारात मोडत होते.

इमारतीचे नाव इन्स्टिट्यूट ऑफ कंटेम्पररी आर्ट; सगळे जण तिला आयसीए म्हणतात. रेड लाइनच्या भुयारी रेल्वेने साउथ स्टेशनपर्यंत यायचे, तिथे सिल्व्हर लाइनची बस धरायची, कोर्टहाउस थांब्यावर उतरायचे आणि पाण्याच्या दिशेने पाच-सात मिनिटे चालायचे. त्या वर्षी आजूबाजूला क्रेन उभ्या होत्या आणि नव्या काचेच्या इमारती वर चढत होत्या. आज त्या भागात मोकळी जागा शोधूनही सापडत नाही, पण 2006 च्या डिसेंबरमध्ये आयसीएची ही वास्तू उघडली तेव्हा ती मोटारींच्या मोकळ्या तळांमध्ये जवळजवळ एकटीच उभी होती. त्याआधीची 70 वर्षे ही संस्था बिऱ्हाड पाठीवर घेऊन शहरभर फिरत होती. 1936 मध्ये ती वेगळ्या नावाने सुरू झाली, अनेकदा जागा बदलली, आणि या सगळ्या काळात तिच्याकडे स्वतःचा असा संग्रहही नव्हता. स्वतःचे घर मिळाल्यावरच तिने कलाकृती जमवायला सुरुवात केली. हे सगळे मला फार नंतर कळले. त्या दिवशी मी फक्त कोट अंगावरून उतरवला, मोठ्या खोलीएवढ्या काचेच्या लिफ्टने चौथ्या मजल्यावर गेले आणि दारातच थबकले.

समोर माणसाच्या उंचीच्या आकृत्या ओळीने उभ्या होत्या. त्यांना चेहरे नव्हते. कुणी डोक्यापासून पायापर्यंत बटणांनी मढलेली, कुणी भरतकामाच्या आणि विणकामाच्या तुकड्यांनी, कुणी टिकल्यांनी. एकीच्या डोक्याभोवती खेळण्यांची आणि चिनीमातीच्या पक्ष्यांची अशी दाटी होती, की आतल्या माणसाने मान कशी हलवावी असा प्रश्न पडावा. मला पहिल्यांदा आठवला तो पोतराज. वाईला आमच्या आळीत तो यायचा, कमरेला रंगीत चिंध्यांचा घेर, हातात आसूड, आणि त्याच्या पायातल्या घुंगरांचा आवाज कोपऱ्यावरून ऐकू आला की आम्ही मुले आधी घरात पळायचो आणि मग खिडकीत येऊन उभी राहायचो. बॉस्टनमध्ये मी तशीच भिंतीला पाठ लावून उभी राहिले. वीसेक मिनिटे पाहिले, भिंतीवरचा मजकूर वाचला नाही, खाली आले आणि घरी गेले.

त्या वीस मिनिटांविषयी मला थोडे विस्ताराने सांगायचे आहे, कारण विनामूल्य संध्याकाळ म्हणजे काय हे मला तिथेच उमगले. तिकीट काढले की माणूस वसुलीला लागतो. पंधरा-वीस डॉलर मोजले असतील तर सगळी दालने पाहिलीच पाहिजेत, प्रत्येक कलाकृतीपुढे थोडे तरी थांबलेच पाहिजे, आणि बाहेर पडताना काहीतरी कळलेले असले पाहिजे, असा हिशेब मनात आपोआप सुरू होतो. समकालीन कलेच्या बाबतीत हा हिशेब विशेष जाचक ठरतो, कारण ती पहिल्या भेटीत हाती लागेलच असे नसते; न कळल्याचा राग मग कलेवर निघतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे स्वतःवर निघतो, आणि 'हे आपल्यासाठी नाही' असे म्हणत माणूस कायमचा बाहेर पडतो. मी काहीच मोजले नव्हते, म्हणून मला काहीच वसूल करायचे नव्हते. एक दालन पाहून परत फिरण्याची मला मुभा होती, आणि न कळण्याचीही मुभा होती. शिवाय पुढच्या आठवड्यात पुन्हा गुरुवार येणारच होता.

तो आला, आणि मी पुन्हा गेले. दुसऱ्या गुरुवारीही मी नुसतेच पाहिले. तिसऱ्या गुरुवारी मात्र भिंतीवरचा मजकूर वाचला. या आकृत्यांना साउंडसूट म्हणतात आणि त्या निक केव्ह या शिकागोत राहणाऱ्या कृष्णवर्णीय कलाकाराच्या होत्या. याच नावाचा एक प्रसिद्ध ऑस्ट्रेलियन गायक आहे, तो वेगळा. 1991 मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला केलेली मारहाण कॅमेऱ्यात टिपली गेली आणि सगळ्या देशाने ती पाहिली. त्या घटनेने हादरलेल्या केव्ह यांनी बागेत पडलेल्या काटक्या गोळा केल्या आणि त्या एकमेकींना जोडून पहिला अंगरखा घडवला. तो अंगावर चढवून हालचाल केली की काटक्या सळसळत, म्हणून त्याचे नाव साउंडसूट. तो घातला की आतल्या माणसाचा रंग दिसत नाही, तो बाई आहे की पुरुष हेही कळत नाही, तो गरीब की श्रीमंत हेही कळत नाही. हे वाचून मी मागे वळले तेव्हा त्याच आकृत्या मला चिलखतासारख्या दिसू लागल्या. पोतराज पुसला गेला नाही, तोही तिथेच राहिला. अंगावर आसूड ओढून घेणारा तो माणूस बालपणी आम्हाला भीतीदायक वाटला, पण त्या वेषाच्या आत कोण आहे, कोणत्या घरातला आहे, हे विचारावे असे आळीतल्या कुणालाच वाटले नव्हते. हा विचार मनात यायला मला तीन गुरुवार लागले. एकाच तिकिटात तो आला असता असे मला वाटत नाही.

या ठिकाणी जागेविषयी सांगितले पाहिजे, कारण संध्याकाळ विनामूल्य असणे आणि तिथे बसावेसे वाटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ही वास्तू न्यूयॉर्कच्या डिलर, स्कोफिडिओ आणि रेनफ्रो या वास्तुरचनाकारांनी बांधली. बॉस्टनच्या समुद्रकाठाने सुमारे 43 मैल लांबीची एक पायवाट जाते, तिला हार्बरवॉक म्हणतात. काठापर्यंत जाण्याचा लोकांचा हक्क मॅसॅच्युसेट्सच्या जुन्या कायद्याने राखलेला आहे, त्यामुळे काठावर कुणीही कितीही महागडी इमारत बांधली तरी त्याला ही वाट अडवता येत नाही. आयसीएच्या रचनाकारांनी या वाटेलाच इमारतीत ओढून घेतले. तिची लाकडी जमीन पाण्याकडे तोंड करून रुंद पायऱ्यांसारखी वर चढते, आणि त्या पायऱ्यांच्या डोक्यावर चौथ्या मजल्याचे दालन एखाद्या मोठ्या छपरासारखे पुढे आलेले आहे. पायऱ्यांवर बसायला गुरुवारचीही वाट पाहावी लागत नाही.

मी वाईची. कृष्णेच्या घाटाच्या पायऱ्यांवर माझे निम्मे बालपण गेले आहे. म्हणून त्या लाकडी पायऱ्यांवर मी पहिल्यांदा बसले तेव्हा कुणी न शिकवता मला तिथे कसे बसायचे ते ठाऊक होते: एक पायरी बसायला, खालची पाय टेकायला, आणि पाण्यावर नजर. समोर बंदर, पलीकडे लोगन विमानतळ, दर दोन-तीन मिनिटांनी एक विमान उतरते किंवा चढते. वाईला हिवाळ्यात कृष्णाबाईचा उत्सव असतो. प्रत्येक घाटाचा वेगळा, आपापल्या दिवसांत. मांडव पडतो, कीर्तन होते, प्रवचन होते, गाणे होते, आणि ऐकायला कोण आले आणि किती वेळ बसले याची नोंद कुणी ठेवत नाही. भाजी घेऊन परतणारी बाई पूर्वरंग ऐकून उठते आणि दुसऱ्या दिवशी उत्तररंगाच्या वेळी येते. बुवांना त्यात अपमान वाटत नाही. आयसीएच्या गुरुवारी मला नेमकी ही सैल बैठक सापडली.

जुलै-ऑगस्टच्या गुरुवारी तर घाटाचा भास पुराच होतो. बर्कली या संगीत महाविद्यालयातले विद्यार्थी पाण्याच्या काठी गातात आणि वाजवतात. कधी जॅझ असते, कधी लॅटिन अमेरिकेतले ठेके, आणि कधी आपण ज्या देशाचे संगीत आयुष्यात ऐकलेले नाही तिथली मुले येऊन त्यांच्या आजीची गाणी गातात. पायऱ्या भरतात, लोक कठड्याला टेकून उभे राहतात, लहान मुले पुढे जाऊन नाचतात. पहिल्या वर्षी मी डब्यात पोळीचे रोल नेत असे आणि गाणे संपल्यावर वर जाऊन तासभर दालने पाहत असे. त्या वर जाण्यालाही अर्थ आहे. गाण्यासाठी आलेला माणूस चित्रांपर्यंत पोचतो, आणि थंडीपासून बचावासाठी आलेली माझ्यासारखी बाईही पोचते. संग्रहालयाच्या दृष्टीने पाहिले तर या संध्याकाळचा खरा उपयोग बहुधा हाच असावा, कारण ज्याला ठरवून कलाच पाहायची आहे तो कोणत्याही वारी येईल.

मला सर्वांत आवडती जागा मात्र इमारतीच्या पोटात आहे. पुढे आलेल्या दालनाच्या तळाला एक उतरत्या पायऱ्यांची छोटी खोली टांगल्यासारखी लोंबते. तिला मीडियाथेक म्हणतात. तिच्या टोकाला एकच खिडकी आहे आणि ती अशा कोनात खाली झुकलेली आहे की तिच्यातून फक्त पाणी दिसते. क्षितिज दिसत नाही, आकाश दिसत नाही, समोरचा विमानतळही नाही. हिवाळ्यात साडेपाचच्या सुमारास त्या चौकटीतले पाणी करड्याचे निळे आणि निळ्याचे काळे होत जाते. माझ्या पाहण्यातले ते सर्वांत संथ चित्र आहे, आणि ते कोणत्याही प्रदर्शनाच्या यादीत नाही.

विनामूल्य हा शब्द मी वापरते आहे, पण मूल्य कुणीतरी देतेच. दिवे, ऊब, पहारेकरी, विमा, परगावाहून आणलेल्या कलाकृतींची वाहतूक या सगळ्याचा खर्च गुरुवारी थांबत नाही. अमेरिकेत अशा संध्याकाळी बहुतेक देणगीदारांच्या, कंपन्यांच्या आणि वर्गणीदार सभासदांच्या पैशांवर चालतात. न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या संग्रहालयात 2013 मध्ये युनिक्लो या जपानी कपड्यांच्या कंपनीच्या नावाने शुक्रवारची विनामूल्य संध्याकाळ सुरू झाली, आणि तिथल्याच व्हिटनी या संग्रहालयाने 2024 च्या जानेवारीपासून दर शुक्रवारी पाच ते दहा दार सर्वांना मोकळे केले. कंपनीचे नाव दारावर लागणे काहींना खटकते. मला ते खटकत नाही; घाटाच्या पायऱ्याही कुणा सरदाराने किंवा सावकाराने बांधलेल्या असतात आणि त्यांची नावे शिलालेखात असतात, पण पाण्यात पाय सोडून बसलेल्या माणसाला ती वाचावी लागत नाहीत. मला खटकते ते वेगळेच आहे. आठवड्याच्या एकूण वेळात हे चार तास फार थोडे आहेत, आणि रात्रपाळीला जाणाऱ्यांना, दुकाने आणि स्वयंपाकघरे चालवणाऱ्यांना नेमके हेच तास मोकळे नसतात. आता गुरुवारसाठीही ऑनलाइन तिकीट आधीच घेऊन ठेवायला सांगतात. त्याची किंमत शून्य असली तरी ज्याच्या आठवड्याचे वेळापत्रकच दुसऱ्याच्या हातात आहे त्याला आधी ठरवणे हेच अवघड असते. गर्दी आवरायची तर दुसरा उपाय काय, हे मलाही सुचलेले नाही. तरीही जिन्यात ऐकून त्याच संध्याकाळी तडक निघालेली मी आठवते आणि हुरहूर लागते.

या प्रश्नाला आयसीएने दिलेले एक उत्तर मला फार मोलाचे वाटते. बंदराच्या पलीकडे ईस्ट बॉस्टन आहे, पिढ्यान्पिढ्या परदेशांतून आलेल्या कष्टकऱ्यांची वस्ती. तिथल्या जहाजबांधणीच्या आवारात तांब्याच्या नळ्या आणि पत्र्याच्या कामाची एक मोडकळीला आलेली कार्यशाळा होती. तिची डागडुजी करून 2018 च्या उन्हाळ्यात आयसीएने तिथे वॉटरशेड नावाचे दालन उघडले. ते उन्हाळ्यापुरते उघडे असते आणि तिथे सगळेच दिवस सर्वांना विनामूल्य. 2020 मध्ये कोविडमुळे तिथले प्रदर्शन होऊ शकले नाही, तेव्हा त्याच जागेतून वस्तीतल्या कुटुंबांना ताज्या भाज्या, फळे आणि दुधाच्या पेट्या वाटल्या गेल्या. ही बातमी वाचून मी बराच वेळ काही बोलू शकले नाही. दार मोकळे ठेवण्याची सवय असलेल्या घरालाच अडचणीच्या वेळी असे काही सुचते.

2015 मध्ये व्हिसाचा नियम बदलला, पुढे मला कामाचा परवाना मिळाला आणि नोकरीही लागली. पहिल्या वर्षीच मी आयसीएची सभासद झाले. आता मी कोणत्याही दिवशी जाऊ शकते, आणि रविवारी सकाळी दालने शांत असतात हेही मला ठाऊक आहे, तरी मी जाते गुरुवारीच. गुरुवारी तिथे शाळेतल्या मुलांचे घोळके असतात, कामाचे बूट न बदलता आलेली माणसे असतात, कडेवर मूल घेतलेली आई असते, आणि एकाच चित्रापुढे एकमेकांना न समजणाऱ्या चार भाषांमध्ये चार मते व्यक्त होत असतात. त्या कलकलाटात मला चित्र अधिक नीट दिसते.

आणि गुरुवारचे आणखी एक कारण आहे. ऑक्टोबर 2014 मध्ये आई पहिल्यांदा माझ्याकडे आली. तिचा गुरुवारचा उपास असतो, दत्ताचा. वाईला ती संध्याकाळी देवळात जाते, त्यामुळे इथे दिवेलागणीला तिला घरात चैन पडेना. "चल, माझ्या देवळात नेते," असे मी तिला म्हणाले, आणि म्हटल्यावर मलाच थोडी धास्ती वाटली. तेव्हा आयसीएमध्ये धाग्यांपासून केलेल्या शिल्पांचे मोठे प्रदर्शन भरलेले होते. 1960 पासून पुढची, शीला हिक्स, माग्दालेना अबाकानोविच अशा कितीतरी जणींची कामे. आईने आयुष्यभर क्रोशाकाम केले आहे. दूरदर्शनवरचे रुमाल, पाटावरचे आसन, नातवंडांच्या टोप्या. घरातली एकही सपाट जागा तिने मोकळी सोडलेली नाही. दालनात शिरल्यावर तिने पाहुणीसारखे हात मागे बांधले आणि दहाव्या मिनिटाला ती प्रत्येक कामाच्या इतकी जवळ जाऊ लागली की तिथल्या पहारेकऱ्याला दोनदा नम्रपणे पुढे यावे लागले.

एका काळ्या खोलीत पांढऱ्या जाड दोरीचे जाळे छतापासून जमिनीपर्यंत विणलेले होते. फेथ विल्डिंग यांनी ते 1972 मध्ये लॉस एंजेलिसच्या एका रिकाम्या घरात स्त्री-कलाकारांच्या प्रकल्पासाठी प्रथम केले आणि 1995 मध्ये पुन्हा विणले. आई आत गेली. मी दाराशी थांबले. बऱ्याच वेळाने आतून तिचा हलका आवाज आला, "अगं, हा तर गाभारा आहे." मी भिंतीवरची पाटी वाचली. या कामाचे दुसरे नाव इंग्रजीत होते आणि त्याचा अक्षरशः अर्थ होता गर्भाची खोली. मी तिला तसे सांगितले. तिला त्याचे काहीच नवल वाटले नाही. "मग दुसरं काय म्हणणार?" ती म्हणाली, आणि बोटांवर टाके मोजू लागली.

त्यानंतर तिने एकही गुरुवार चुकवला नाही. नोव्हेंबरच्या अखेरीस थँक्सगिव्हिंगच्या गुरुवारी संग्रहालय बंद होते, तेव्हा ती दिवसभर उगाच घरात फेऱ्या घालत होती. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ती परत गेली. पुढच्या गुरुवारी रात्री नऊला दार बंद झाल्यावर मी कोर्टहाउसच्या थांब्यावर उभी होते, आणि तिचा फोन आला. वाईला शुक्रवारची सकाळ झालेली होती आणि मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती. तिने बाजारातून सुतळीचा गुंडा आणला होता, कारण तशी पांढरी दोरी तिला मिळाली नव्हती, आणि पडवीच्या खिडकीला जाळे घालायला घेतले होते. दोन वितीही झाले नव्हते आणि बोटे सोलपटली होती. "त्या बाईंनी हातमोजे घालून विणलं असेल का गं?" तिने विचारले. "पुढच्या गुरुवारी जाशील तेव्हा विचारून ये."

मी गेले आणि त्या काळ्या खोलीच्या दाराशी उभ्या असलेल्या पहारेकऱ्याला विचारले. आईला जाळ्यापासून मागे घेणारा तोच तो मुलगा होता. त्याला उत्तर ठाऊक नव्हते. "म्हणजे त्यांनी खरंच विणायला घेतलं?" असे त्याने विचारले, खिशातून छोटी वही काढली, आणि आईचा प्रश्न लिहून घेतला.